रुजण्याआधीचे एकवीस तास

टेस्ट-ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) उपचारात भ्रूण गर्भाशयात ठेवतात ती ट्रान्सफर दुपारी बाराला असली तरी लॅबमध्ये ती सुरू होते आदल्या दिवशी तीनला, डिश बनवण्यापासून. पेशंटला दिसतो तो शेवटचा पाच मिनिटांचा भाग: सोनोग्राफीच्या स्क्रीनवर चमकून गेलेला पांढरा ठिपका आणि डॉक्टरांचं 'झालं' म्हणणं. त्याआधीच्या एकवीस तासांत काच लावलेल्या दाराआड काय चालतं, हात कुठे चुकतो आणि 'रुजण्याचं प्रमाण वाढवणारी' म्हणून बिलात वेगळी दिसणारी तंत्रं प्रत्यक्षात काय करतात, ते इथे जसं घडतं तसं लिहितो. आम्ही म्हणजे दाराआडची, लॅबमध्ये भ्रूण सांभाळणारी माणसं, एम्ब्रिऑलॉजिस्ट. उदाहरण धरलंय ते गोठवलेल्या, पाचव्या दिवसाच्या भ्रूणाचं. त्याचं पूर्ण नाव ब्लास्टोसिस्ट, लॅबमध्ये नुसतं 'ब्लास्ट'.

डिश ३५ मिलिमीटरची. तिच्यात कल्चर मीडियाचे, म्हणजे भ्रूण ज्यात वाढतं त्या द्रवाचे, २५ ते ३० मायक्रोलिटरचे थेंब टाकायचे आणि लगेच वरून तीन-साडेतीन मिलिलिटर ऑइल सोडायचं. यातला 'लगेच' महत्त्वाचा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं, तिथे ३० मायक्रोलिटरच्या थेंबाची काय कथा! पाणी उडतं, क्षार तेवढेच राहतात आणि मीडिया दाट होतो. त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा दाटपणा, २६० ते २८० मिलिऑस्मोलच्या आसपास असायला हवी. ती ३०० च्या पुढे गेली की पेशी आक्रसतात आणि वाढ मंदावते, पण डिशकडे बघून हे कळत नाही. नवीन माणूस आधी सहा डिशमध्ये थेंब टाकून घेतो आणि मग सगळ्यांवर ऑइल ओततो. पहिल्या डिशचं नुकसान तेवढ्यात झालेलं असतं. म्हणून एका वेळी एकच डिश घ्यायची, गरम स्टेजवर (भ्रूण हाताळायच्या तापवलेल्या पाटावर) न ठेवता साध्या ओट्यावर ठेवायची आणि तेवढ्यापुरता हुडचा (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाचा) वारा बंद करायचा. प्लास्टिकच्या डिशचं पाकीटही आदल्याच दिवशी फोडून ठेवायचं, म्हणजे नव्या प्लास्टिकचा वास रात्रभरात निघून जातो.

मग गॅस. मीडियाचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२५ ते ७.३५ च्या दरम्यान राहतो तो इनक्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. मीडियाच्या खोक्यातल्या पत्रकावर बहुतेक ६ टक्के लिहिलेलं असतं. पण तो आकडा समुद्रसपाटीचा धरायचा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. द्रवात वायू किती विरघळणार हे त्या वायूच्या दाबावर ठरतं, टक्क्यांवर नाही. म्हणजे मुंबईत ६ टक्के जे काम करतात त्यासाठी पुण्यात सुमारे ६.४ लागतात. मुंबईचं सेटिंग इथे जसंच्या तसं लावलं तर पीएच ०.०३ ने वर सरकतो. एकट्या या फरकाने काही बिघडत नाही. पण मीडियाची बॅच थोडी वरची, सेन्सर थोडा खोटा आणि त्यात ही उंची, असं तिन्ही एकाच दिशेला गेलं की बघता बघता ७.४ ओलांडलेलं असतं. तयार मिश्रणाचा सिलिंडर असेल तर टक्के लॅबमध्ये बदलताच येत नाहीत, ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. खात्रीचा उपाय एकच. रात्रभर ठेवलेल्या मीडियाचा पीएच पीएच-मीटरने किंवा ब्लड गॅस मशीनवर प्रत्यक्ष मोजायचा. मीडियाचा गुलाबी-केशरी रंग बघून 'ठीक वाटतंय' म्हणणं म्हणजे भाजीचं मीठ रंगावरून ओळखणं. ऑक्सिजन मात्र ५ टक्केच ठेवायचा. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, पण गर्भनलिकेत भ्रूणाला तेवढा कधीच मिळत नाही, आणि जादा ऑक्सिजन पेशींना सोसत नाही.

तापमानाचंही तसंच. स्टेजच्या डिस्प्लेवर ३७.० दिसतं, पण डिशच्या तळापलीकडच्या थेंबात ३६.३ असू शकतं. बारीक प्रोब थेंबातच बुडवून मोजायचं आणि थेंबात ३७ येईपर्यंत स्टेज वाढवायची, मग डिस्प्ले ३७.८ दाखवेना का. हे प्रत्येक स्टेजसाठी वेगळं करावं लागतं. स्टेजच्या कोपऱ्यात आणि मध्यातही फरक निघतो, म्हणून आम्ही मार्करने चौकोन आखून ठेवतो आणि डिश त्या चौकोनातच ठेवतो.

हवेबद्दल पेशंटला सांगितलं की नवल वाटतं. लॅबमध्ये अत्तर चालत नाही, डिओ चालत नाही आणि मोगऱ्याचा गजरा तर अजिबात नाही. फुलाचा वास म्हणजेही हवेत उडणारी रसायनंच, आणि ती ऑइलमध्ये विरघळून खाली मीडियात उतरू शकतात. हेपा फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. त्याला कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो. शेजारच्या मजल्यावर रंगकाम निघालं, समोर रस्ता डांबरी करायला घेतला किंवा दिवाळीत रात्री फटाक्यांचा धूर भरून राहिला, तर लॅबमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे ना हे दर तासाला बघायचं. दार उघडलं की हवा आतून बाहेर गेली पाहिजे. मध्य पुण्यातल्या लॅबना गणपतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ढोल-ताशाचं पथक खालून जाताना सूक्ष्मदर्शकाखालची काचेची सुई थरथरते. बीजात शुक्राणू सोडायची ती सुई जेमतेम ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीची असते. कंपन शोषणारं टेबल असलं तरी त्या अर्ध्या तासात इक्सी, म्हणजे सुईने बीजात शुक्राणू सोडणं, करायची नाही. विसर्जनाला रस्ते बंद असतात, म्हणून बीजं काढण्याआधीच्या ट्रिगर इंजेक्शनची वेळ आणि लिक्विड नायट्रोजनची गाडी, दोन्ही त्या हिशेबाने आधीच ठरवायच्या. गुरुवारी वीज-दुरुस्तीसाठी पुरवठा जातो, तेव्हा यूपीएस किती मिनिटं धरतो हे बुधवारीच बघून घ्यायचं.

या सगळ्याला कुणी तंत्र म्हणत नाही आणि बिलात त्याची ओळही नसते. तरी आमच्या मते भ्रूण रुजण्यात लॅबचा जो काही हात असतो तो बहुतेक इथेच असतो.

सकाळी आठला थॉइंग, म्हणजे गोठवलेला ब्लास्ट वितळवणं. तोवर पेशंटची तयारी झालेली असते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ७ मिलिमीटरच्या वर आणि तीन थरांचं दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू, आणि पूर्ण पाच दिवस प्रोजेस्टेरॉन झालं की सहाव्या दिवशी ब्लास्ट ठेवायचा. इथे लॅबचा संबंध एका प्रश्नापुरता: पहिला डोस नक्की कधी घेतला? 'सोमवारी' हे उत्तर चालत नाही. सोमवारी सकाळी की रात्री, हे फाइलमध्ये लिहिलेलं हवं. बारा तासांची चूक इथे सहज होते.

ब्लास्ट असतो अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद अशा प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकावर, उणे १९६ अंशाच्या नायट्रोजनमध्ये. बाहेर काढण्याआधी दोन जणांनी मोठ्याने वाचायचं: बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, रजिस्टर नंबर, गोठवल्याची तारीख. एकाच दिवशीच्या यादीत दोन पाटील आणि दोन शेख असणं ही पुण्यात नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे नुसत्या आडनावावर कुणी हात लावायचा नाही.

नायट्रोजनचा डबा स्टेजला चिकटून ठेवायचा. पट्टी उचलली की एका सेकंदात ती ३७ अंशाच्या पहिल्या द्रावणात बुडली पाहिजे. गोठवताना जेवढी घाई लागते त्याहून जास्त इथे लागते. वितळताना मध्येच रेंगाळलं तर पेशीतल्या काचेसारख्या घट्ट द्रवात बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. पहिल्या द्रावणात १ मोलर (मोलर म्हणजे द्रावणाच्या दाटपणाचं माप) साखर असते, त्यात एक मिनिट. दुसऱ्यात अर्धा मोलर, त्यात तीन मिनिटं. मग साखर नसलेल्या द्रावणात पाच मिनिटं आणि ताज्या थेंबात आणखी एक. साखर का, तर गोठवताना पेशीत भरलेली रसायनं बाहेर पडेपर्यंत पाणी धावत आत शिरू नये म्हणून. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा टम्म फुगतो, पाकात टाकलेला सावकाश फुगतो, तेच इथेही. पहिलं द्रावण रात्री इनक्युबेटरमध्ये ठेवायला विसरणं ही इथली ठरलेली चूक. बाकीची द्रावणं खोलीच्या तापमानाला असतात, हे एकच ३७ ला लागतं, आणि सकाळच्या गडबडीत 'दोन मिनिटं स्टेजवर ठेवू' म्हटलं तर दोन मिनिटांत ते ३७ ला पोचत नाही.

युरोपातल्या आणि इतर देशांतल्या एम्ब्रिऑलॉजिस्टांनी मिळून लॅबसाठी ठरवलेले 'व्हिएन्ना निकष' २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वितळवलेले ब्लास्ट जगण्याचं किमान प्रमाण ९० टक्के आणि उत्तम लॅबसाठी ९९ टक्के धरलं आहे. त्याच कागदावर ब्लास्ट रुजण्याचं प्रमाण मात्र किमान ३५ आणि उत्तम ६० टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून आम्ही पेशंटला दाखवतो. वितळवण्यात शंभरातला एक जातो. रुजण्यात, सगळं चोख असलं तरी, शंभरातले चाळीस रुजत नाहीत. त्यातला मोठा वाटा गुणसूत्रांच्या गडबडीचा असतो. बीजाचं वय वाढतं तशी ती वाढते आणि चाळिशीत निम्म्याहून जास्त भ्रूणांत सापडते. त्यावर लॅबकडे उपाय नाही. पुढची सगळी तंत्रं उरलेल्या छोट्या फटीत काम करतात, हे लक्षात ठेवूनच त्यांच्याकडे बघावं.

आता हॅचिंग, म्हणजे ब्लास्टला कवचातून बाहेर यायला वाट करून देणं. द्रावणांतून बाहेर आलेला ब्लास्ट चुरगळलेला असतो. आतली पोकळी बसलेली, पेशींचा गोळा एका बाजूला, आणि भोवती कवच मात्र गोल उभं. हे कवच म्हणजे झोना, बीजाचंच. मुळात ते साधारण १५ मायक्रोमीटर जाड असतं. शरीरात ब्लास्ट फुगत जातो, कवच पातळ होतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो ते फोडून बाहेर येतो. बाहेर आल्याखेरीज अस्तराला चिकटणार कसा? गोठवण्या-वितळवण्याने आणि डिशमधल्या मुक्कामाने कवच कडक होतं असं मानलं जातं, म्हणून आम्ही लेझरने त्याला खिडकी पाडून देतो. पूर्वी हेच काम आम्लाने व्हायचं. बारीक नळीतून २.५ पीएचचं द्रावण कवचावर सोडायचं आणि ते विरघळलं की झटकन ओढून घ्यायचं. एक सेकंद उशीर झाला तर आम्ल आतल्या पेशींवर.

लेझर १.४८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा. पाणी त्याची उष्णता शोषतं आणि निशाणावरचं कवच वितळतं. स्क्रीनवर निशाणाभोवती रंगीत वर्तुळं दिसतात. कुठपर्यंत किती तापमान पोचेल ते ती दाखवतात, आणि बाहेरचं वर्तुळ पेशीला शिवता कामा नये. म्हणूनच वितळवल्यानंतरची पहिली वीस-तीस मिनिटं सोन्याची. ब्लास्ट चुरगळलेला आहे तोवर कवच आणि पेशी यांच्यात रिकामी जागा असते. तो परत फुगायला लागला की जागा संपते, मग लेझर मारायचा म्हणजे पेशी भाजायच्या. काही ठिकाणी हे काम ट्रान्सफरच्या आधी, ब्लास्ट पूर्ण फुगल्यावर करतात. का करतात ते आम्हाला कधीच कळलेलं नाही.

सगळ्यात रुंद मोकळी जागा बघायची, आतल्या पेशींच्या गोळ्यापासून लांबची. त्या गोळ्यापासूनच बाळ होणार असतं. कवचाच्या बाहेरच्या कडेवर निशाण धरून पहिला ठोका, साधारण ३०० ते ५०० मायक्रोसेकंदांचा. कडेला अर्धवट खाच पडते. निशाण किंचित आत सरकवून दुसरा, मग शेजारी तिसरा. खिडकी ३० ते ४० मायक्रोमीटर रुंद झाली की थांबायचं. लहान भोक हे भोक नसण्यापेक्षा वाईट. फुगणारा ब्लास्ट त्यातून बाहेर येऊ बघतो, अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि इंग्रजी आठाच्या आकारात अडकून बसतो. कधी आतला गोळाच दोघांत विभागून एकसारखी जुळी होण्याचा धोकाही त्यात असल्याचं मानलं जातं. त्याच कारणाने दोन ठिकाणी खिडक्या पाडायच्या नाहीत.

यात बिघडतं काय? बहुतेक वेळा निशाणच. लेन्स साफ केली, कॅमेरा हलला किंवा सर्व्हिसवाला येऊन गेला की स्क्रीनवरचा क्रॉस आणि खरा लेझर यांत पाच-दहा मायक्रोमीटरचा फरक पडलेला असतो. रोज सकाळी रिकाम्या डिशच्या तळाला मार्करची रेघ ओढून तिच्यावर एक ठोका मारायचा आणि भोक क्रॉसच्या बरोब्बर मध्ये पडतंय का बघायचं. दीड मिनिटाचं काम. ते न करता थेट ब्लास्टवर लेझर लावणाऱ्याला आम्ही खुर्चीवरून उठवतो.

एवढं सांगून झाल्यावर कबूल करायला हवं की हॅचिंगने बाळ जन्माला येण्याचं प्रमाण वाढतं असा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने आणि युरोपातल्या संस्थेनेही ते सरसकट सगळ्यांना करू नये असं म्हटलं आहे. आम्ही ते वितळवलेल्या, जाड कवचाच्या ब्लास्टना करतो. ताज्या, आपोआप पातळ होत चाललेल्या कवचाला हात लावत नाही. 'सगळ्यांनाच करून टाकू, काय बिघडतंय' हा विचार चुकीचा आहे, कारण बिघडू शकतं.

हॅचिंगनंतर ब्लास्ट इनक्युबेटरमध्ये परत जातो आणि दोन ते चार तासांत फुगतो. साडेअकराला बघितलं तर बहुतेकदा खिडकीतून पेशींचा छोटासा फुगवटा डोकावायला लागलेला असतो. तोवर मध्ये उघडून बघायची हुरहूर आवरायची. दर वेळी झाकण उघडलं की गॅस जातो, आणि ब्लास्टला आमच्या बघण्याने काही फायदा नाही.

दरम्यान एका वेगळ्या डिशमध्ये ग्लू तयार असतो. एम्ब्रिओग्लू हे त्यातलं सर्वांत माहितीतलं नाव. नाव ऐकून पेशंटना फेव्हिकॉल आठवतो, आणि त्यात दोष पेशंटचा नाही. प्रत्यक्षात हा ट्रान्सफरसाठीचा मीडियाच, फक्त त्यात हायलुरोनन भरपूर: मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. हा पदार्थ गर्भाशयात मुळातच असतो. भ्रूण आणि अस्तर, दोन्हींच्या पेशींवर त्याला धरणारी सीडी४४ नावाची प्रथिनं असतात, त्यामुळे दोघांत दुवा सांधला जातो ही त्यामागची कल्पना. शिवाय मीडिया दाट असल्यामुळे गर्भाशयातल्या चिकट स्रावात तो सहज मिसळतो. नावाजलेल्या कॉक्रेन आढाव्याने २०२० मध्ये हायलुरोननचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि पुरावा मध्यम दर्जाचा ठरला. या क्षेत्रात 'मध्यम दर्जा' म्हणजे चांगलेच गुण. त्याच आढाव्यात जुळ्यांचं प्रमाणही वाढलं होतं, कारण दोन-दोन भ्रूण ठेवली जात होती. म्हणून आमचा हिशेब साधा: ग्लू वापरा आणि ब्लास्ट एकच ठेवा.

ग्लू वापरताना होणारी चूक मात्र जवळपास सगळीकडे दिसते. बाटली फ्रिजमधून काढली, थेंब गरम स्टेजवर टाकला आणि दहा मिनिटांनी ब्लास्ट त्यात सोडला. हा मीडिया बायकार्बोनेटवर चालतो. त्याचा पीएच जागेवर यायला इनक्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइडच लागतो, तोही कित्येक तास. नुसता गरम केला तर पीएच ७.८ च्या दिशेने जातो. म्हणून त्याची डिश आदल्या दुपारीच बनवून रात्रभर आत ठेवायची. नळीत ठेवत असाल तर झाकण सैल हवं. घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवलेली नळी म्हणजे नुसतं गरम पाणी. बारा वाजता ट्रान्सफर असेल तर साडेअकरा-पावणेबाराला ब्लास्ट ग्लूमध्ये न्यायचा. दहा मिनिटं पुरतात, तीन तास झाले तरी बिघडत नाही, फक्त दाटपणामुळे तो पिपेटमध्ये हळू ओढला जातो आणि बुडबुडे चिकटतात. घाई केली की ब्लास्ट बुडबुड्यामागे हरवतो.

आणखी चार नावं पेशंट घेऊन येतात, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून किंवा 'आमच्या मावसबहिणीला केलं होतं' म्हणून. अस्तर खरवडणं: २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात १,३६४ बायकांचा प्रयोग आला, दोन्ही गटांत बाळं सारखीच, २६.१ टक्के. आम्ही सोडून दिलं. अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्सफरचा तास ठरवणारी चाचणी: २०२२ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ७६७ जणींचा प्रयोग, फायदा शून्य. टाइम-लॅप्स कॅमेऱ्याचा इनक्युबेटर: २०२४ मध्ये लॅन्सेटमधला १,५७५ जणींचा प्रयोग, रुजण्यात आणि जन्मात फरक नाही. यंत्र छान आहे, दार न उघडता रात्रीचं बघता येतं, आम्हालाही आवडतं, पण तो आमच्या सोयीचा भाग, त्याचे पैसे पेशंटने का द्यावेत? गुणसूत्रांची चाचणी थोडी वेगळी. ब्लास्टच्या बाहेरच्या थरातल्या पाच ते आठ पेशी लेझरने सोडवून तपासायला पाठवतात. तिने वाईट भ्रूण चांगलं होत नाही. फक्त कुठलं आधी ठेवायचं ते कळतं आणि गर्भपाताचे काही फेरे वाचतात. ब्लास्ट दोनच असतील तर आम्ही ती नको म्हणतो. आणि त्या रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी हे कधीच नसतं, १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. विचारू नये. अजूनही विचारतात.

बाराला पाच कमी. डॉक्टरांनी बाईंना टेबलावर घेतलेलं असतं, मूत्राशय भरलेलं, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय सरळ होतं आणि स्क्रीनवर नीट दिसतं. गर्भाशयाचं तोंड मीडियाने पुसायचं, अँटिसेप्टिकने नाही. बाहेरची नळी आत बसली की ऑपरेशन थिएटरमधून हाक येते, आणि तेव्हाच लोडिंग (ब्लास्ट नळीत भरणं) सुरू करायचं, आधी नाही. गर्भाशयाचं तोंड वाकडं निघालं आणि डॉक्टर पाच मिनिटं खटपट करत राहिले तर तोवर कॅथेटरमधला, म्हणजे आतल्या बारीक नळीतला, ब्लास्ट गार होत राहतो.

लोडिंग असं. एक मिलिलिटरची, रबर नसलेली सिरिंज. कॅथेटर आधी मीडियाने धुवून पूर्ण भरायचा, आत एकही बुडबुडा नको. मग पाचेक मायक्रोलिटर हवा. मग दहाएक मायक्रोलिटर ग्लू, ज्यात ब्लास्ट. मग परत थोडी हवा, आणि टोकाला मीडियाचा चिमूटभर थेंब. सगळं मिळून ३० मायक्रोलिटरच्या आत. हवेचे दोन तुकडे ब्लास्टला मधल्या मध्ये धरून ठेवतात, आणि सोनोग्राफीत जो पांढरा ठिपका चमकतो तो या हवेचाच. ब्लास्ट नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसेल एवढा, सोनोग्राफीत तो दिसत नाही. पेशंट त्या ठिपक्याचा फोटो जपून ठेवतात. आम्ही काही बोलत नाही.

दारातून कॅथेटर घेऊन जाताना परत एकदा नाव, या वेळी पेशंटने स्वतः सांगायचं. आतल्या नळीचं टोक गर्भाशयाच्या छतापासून १० ते १५ मिलिमीटर खाली थांबवायचं. छताला टेकलं की स्नायू आवळतात. प्लंजर सावकाश दाबायचा, आणि दाबलेलाच ठेवून कॅथेटर बाहेर काढायचा. अंगठा सैल झाला तर पोकळी तयार होऊन ब्लास्ट परत नळीत ओढला जातो.

कॅथेटर आमच्याकडे परत येतो. आतली आणि बाहेरची, दोन्ही नळ्या ताज्या डिशमध्ये धुवायच्या, टोकाला चिकटलेला श्लेष्म सुईने पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली कोपरा न कोपरा बघायचा. ब्लास्ट बहुतेकदा त्या श्लेष्मातच अडकलेला सापडतो. म्हणून श्लेष्म आधी पुसलेला बरा. सापडला तर न घाबरता ताज्या ग्लूमध्ये धुवून लगेच परत लोड करायचा. तेवढ्याने संधी जात नाही. सगळं स्वच्छ असेल तर दारातून 'क्लिअर' म्हणायचं. तोवर पेशंटला उठू द्यायचं नाही.

मग प्रश्न सुरू होतात. लघवीला गेलं तर पडेल का? कात्रजपर्यंत रिक्षाने जायचंय, खड्डे आहेत. जिने चढू का? गर्भाशय पोकळ पिशवीसारखं नसतं, त्याच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि ब्लास्ट त्यांच्यामध्ये असतो, दोन पोळ्यांमधल्या खसखशीच्या दाण्यासारखा. तो खड्ड्याने पडत नाही. तासन्‌तास झोपून राहिल्याने रुजण्याचं प्रमाण वाढत नाही, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. गोळ्या आणि प्रोजेस्टेरॉन मात्र एकही चुकवायचं नाही, गोठवलेल्या ट्रान्सफरमध्ये अस्तर त्यावरच टिकलेलं असतं. गर्भ रुजला का ते सांगणारी रक्ताची बीटा तपासणी नऊ ते अकरा दिवसांनी. घरच्या पट्टीवर चौथ्या दिवशी बघू नये, काही कळत नाही.

पेशंट गेल्यावर रजिस्टर. ब्लास्टचा ग्रेड वितळवण्याआधी आणि नंतर, हॅचिंग किती ठोक्यांत, ग्लूमध्ये किती मिनिटं, लोडिंगपासून सोडेपर्यंत किती सेकंद, कॅथेटरवर रक्त होतं का, नळी बदलावी लागली का, लोड कोणी केलं, ठेवलं कोणी. बीटाचा रकाना रिकामा सोडायचा. तीन महिन्यांनी हीच पानं काढून बसलं की दिसतं, निकाल खाली आलेत ते नव्या मीडियाच्या बॅचपासून, की लोडिंगला नवा माणूस आला त्या आठवड्यापासून, की एसीचा फिल्टर बदलला त्या दिवसापासून. त्यानंतर नायट्रोजनच्या कॅनमध्ये मोजपट्टी बुडवून पातळी मोजायची, दहा सेंटिमीटर भरायला हवी असेल तर गाडीला फोन करायचा, आणि तीन वाजता उद्याच्या डिश.